उभी पाती, आडवी पाती

"उभीच शेतस! उभीच लायेल शेतस! तुन्हा डोया फुटनात का?"

मास्तर ओरडत होता. लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळणाऱ्या आमच्या मास्तरचा आवाज कसा आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. चोवीस लूम खडाखडा चालू असताना तो कुणाच्या कानात गुपित सांगायचा, ते शेजारच्या तीन कारखान्यांना कळायचं. आणि त्या दिवशी तर लूम बंद होते. मे महिना, दुपारचे तीन, सुरतेजवळच्या सचिन गावातली पत्र्याची शेड. चोवीसपैकी एकोणीस यंत्रं लाल दिवा लावून गप्प उभी होती, उरलेली पाच शेठने भीतीने बंद करवली होती, आणि त्या शांततेत मास्तर असा ओरडत होता की वरचे पत्रे थरथरत होते. दोन कबुतरं तर त्या दिवशी जी उडाली ती थेट नवसारीला गेली म्हणतात.

समोर माझा साडू उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. तो ओरडत नव्हता. त्याला घामही आला नव्हता. सुरतेत मे महिन्यात घाम न येणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "ही आडवी आहेत. एकूण एक आडवी आहेत."

"आडवी? तीस वरीस व्हई ग्यात माले लूमवर! तू माले उभं-आडवं शिकाडशी?"

मधे शेठ. शेठचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा. "अरे, उभां के आडां, कोई एक जण तो नक्की करो!"

आणि मी? मी कोपऱ्यातल्या माठापाशी तिसरा ग्लास पाणी पीत होतो. तहान नव्हती. पण हसू लपवायला तोंडापुढे काहीतरी लागतं.

भांडण कशावरून, ते सांगतो. प्रत्येक लूमच्या बाजूला एक लोखंडी कपाट असतं, त्याला आम्ही पॅनल म्हणतो. त्यात मोटर चालवणारा ड्राइव्ह असतो. तो तापतो. फार तापला की स्वतःच मशीन बंद करून लाल दिवा लावतो. म्हणून त्याची उष्णता बाहेर काढायला पॅनलच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा बसवतात. त्याला कंगव्यासारखी पाती असतात. आत तापलेलं बाहेर पात्यांत येतं, आणि पात्यांतून हवेत जातं. याचं नाव हीटसिंक. पाती उभी लावली की आडवी, एवढ्यावरून त्या दिवशी सचिनमध्ये महाभारत चाललं होतं.

अठरा वर्षं त्या शेडमध्ये या ठोकळ्यांचा राजा मी होतो. मी काही शिकलेला इंजिनियर नाही. माझी पद्धत बोटाची. चालू मशीनच्या हीटसिंकवर बोट ठेवायचं आणि मोजायचं. पाचपर्यंत टिकलं तर ठीक. तीनला उचलावं लागलं तर ठोकळा लहान. एकलाच तोंडातून शिवी निघाली तर ड्राइव्ह गेला समजा. या बोटाने मी इतके ड्राइव्ह तपासले की त्याच्यावर ठसाच उरला नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवलं तर यंत्र म्हणालं, माणूस उपलब्ध नाही. बायकोला न्यावं लागलं मी आहे हे सांगायला.

ठोकळा लहान पडला की मी भंगारातून मोठा आणायचो. वजनाने घ्यायचो, जड तेवढा चांगला. त्यानेही भागलं नाही तर पंखा लावायचो. त्यानेही नाही तर दुसरा पंखा. एका पॅनलला मी चार पंखे लावले होते. कारीगर म्हणायचे, दाक्तर, याला खाली बांधून ठेवा, नाहीतर एखाद दिवशी लूम घेऊन उडेल.

दाक्तर म्हणजे मी. लूमच्या हवेत धाग्याची लव तरंगत असते. पंखा ती ओढून घेतो, आणि आठ दिवसांत पात्यांमध्ये अशी गोधडी शिवली जाते की थंडीत अंगावर घ्यावी. ती काढायला दर शनिवारी मी हजर. मी दारात आलो की कुणीतरी ओरडायचं, "दाक्तर आव्या!" शेठ स्वतः चहा सांगायचा. मास्तर घरून आणलेल्या डब्यातला ठेचा पुढे करायचा. शेडमध्ये पाठ शाबूत असलेली खुर्ची एकच होती, ती माझी. घरी मला कुणी अशी खुर्ची दिलेली नाही. म्हणून सांगतो, माझा आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि शनिवारी सार्थकी लागायचा.

मग हा साडू आला. माझ्या मेहुणीचा नवरा. नाशकात शिकलेला, सचिनमध्येच सोलरचे इन्व्हर्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. तिथे त्याचं काम काय, तर हीटसिंकचं डिझाइन. म्हणजे जे काम मी बोटाने करतो त्यासाठी याला टेबल, खुर्ची आणि एसी.

सुरतेतच डिंडोलीला आमची सासुरवाडी. सासरे मिलमधून निवृत्त. दर रविवारी वरण-बट्टी. पूर्वी सासूबाई माझ्या बट्टीवर तूप ओतायच्या ते असं की बट्टी पोहायला लागायची. साडूच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी पाहिलं, साडूच्या ताटात बट्टी पोहते आहे आणि माझ्या ताटात ती ओली झालेली आहे. कुणी म्हणेल, तुपावरून काय एवढं? त्याच्या ताटातलं तूप कमी झालेलं नाही म्हणून तो असं म्हणतो.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे शनिवारचा पराक्रम सांगत होतो. सात नंबरच्या लूमवर गोधडी कशी निघाली, शेठ कसा म्हणाला की तुमच्याशिवाय हा कारखाना बंद पडेल. सासरे मान डोलवत होते. तेवढ्यात साडू म्हणाला, "पण दादा, पंखा लावताच कशाला?"

ताटावरचे सगळे हात थांबले.

"म्हणजे?" मी म्हणालो. "हवा लागत नाही का?"

"हवा स्वतःच वर जाते ना. गरम झाली की."

आणि मग त्याने माझ्या बट्टीचे तुकडे घेऊन, माझ्या ताटात, मला शिकवलं. उष्णतेला तीन दारं ओलांडावी लागतात म्हणाला. पहिलं, तापणारा भाग आणि ॲल्युमिनियम यांच्यामधली सांध. दुसरं, ॲल्युमिनियम. तिसरं, पाती आणि बाहेरची हवा. प्रत्येक दाराशी किती अंश अडतात ते मोजायचं आणि बेरीज करायची. जिथे सगळ्यात जास्त अडतं ते दार मोठं करायचं. "तुम्ही भंगारातून जड ठोकळे आणता, म्हणजे मधलं दार मोठं करता. ते तर आधीच सताड उघडं आहे."

सांधेत लावायची पांढरी पेस्ट मी पोळीवर लोणी थापावं तशी थापायचो. तो म्हणाला, आरशावर वाफ धरते तेवढीच हवी. पाती जितकी जास्त तितकी चांगली असं मी समजायचो. तो म्हणाला, दाट पात्यांत हवा शिरतच नाही, मधे करंगळी जाईल एवढी जागा ठेवा. मग लवही अडकणार नाही, पंखाही नको. आणि पाती उभी ठेवा, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून धुराड्यासारखी वर निघून जाईल.

मला वाटलं होतं, हा एसीतला माणूस, याला लव काय माहीत? तिथेच याला गाठीन. तर लवेचा विचारही याने आधीच करून ठेवलेला.

"भारी डोकं आहे हो यांचं," माझी बायको म्हणाली. माझी. बायको.

सासऱ्यांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली. साडूने बॅगेतून एक लहान ठोकळा काढला. असली वस्तू घेऊन सासरी जेवायला येणारा माणूस आहे हा. गॅसवर जरा गरम केला, उभा धरला, खाली उदबत्ती नेली. धूर पात्यांत शिरला आणि सरळ रेघेत वरून बाहेर पडला. मग त्याने ठोकळा आडवा फिरवला. धूर पात्यांखाली घोटाळला, वाट चुकल्यासारखा बाजूला गेला. सासूबाईंनी टाळी वाजवली. आमच्या लग्नात वाजवली नव्हती.

खरं सांगतो, मी ते घरी गुपचूप करून पाहिलं. बायको झोपल्यावर नव्हे, ती भाजी आणायला गेली तेव्हा. अख्खा पुडा उदबत्त्या जाळल्या. धूर दर वेळी त्याच्याच बाजूने बोलला. बायको आली आणि म्हणाली, आज काय एवढी भक्ती?

मिलमधल्या जुन्या ओळखीने सासऱ्यांनीच शेठकडे विषय काढला. शेठ म्हणाला, एक एक मशीन घ्या दोघे. सात नंबर माझं, आठ नंबर त्याचं. मी सात नंबरला पाचवा पंखा लावला. त्याने आठ नंबरला एक काळा, बारा पात्यांचा, हलका ठोकळा लावला, एक बारीक तार चिकटवली, तिच्या टोकाला किती अंश तापलंय ते आकड्यांत दाखवणारी डबी. पंखा नाही. पंधरा दिवसांनी माझ्या पात्यांत गोधडी, आणि त्याच्या ठोकळ्यावर माझं बोट पाचपर्यंत, दहापर्यंत, वीसपर्यंत. मी मोजत राहिलो. शेवटी मास्तर म्हणाला, "दाक्तर, आते उचला. मशीन चालाडनं शे."

शेठने चोवीसही त्याचेच सांगितले. आणि सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "तो दाक्तर, हवे शनिवारे धक्को नइ खावो पडे ने?" म्हणजे आता शनिवारचा हेलपाटा नको. माझ्या भल्यासाठीच म्हणाला बिचारा. मला मात्र अठरा वर्षांची खुर्ची बुडाखालून निघाल्यासारखं झालं.

ठोकळे आले तेव्हा साडूला कारखान्यातून सुटी मिळेना, आणि आठ नंबरवरचा नमुना तो आधीच काढून घेऊन गेला होता; त्याची पाती कशी होती ते मास्तरने कधी नीट पाहिलंच नव्हतं. बसवायचं काम मास्तरकडे. साडूने सोबत चिठ्ठी दिली, मास्तरला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत: "पाती उभी ठेवून बसवणे." बस्स, एवढंच.

त्या शनिवारी मी माझे पंखे काढून न्यायला गेलो. शेवटचा शनिवार. पोतं घेऊन शेडमध्ये शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. चोवीस पॅनल, चोवीस काळे ठोकळे, आणि एकूण एक आडवे. पाती जमिनीला समांतर, फळीवर रचलेल्या पुस्तकांसारखी.

मास्तर अभिमानाने जवळ आला. "देखा दाक्तर? चिठ्ठीप्रमाणे. बठ्ठी उभी, एकूण एक."

मी त्याच्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, आणि एका क्षणात सगळं उमगलं.

विणणाऱ्या माणसाचं उभं वेगळं असतं. कापडात ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. साडीवर उभी पट्टी हवी तर ती ताण्यात घालतात. पण लूमवर हा उभा धागा उभा नसतोच. तो मागच्या बीमवरून पुढच्या रोलकडे चटईसारखा झोपलेला जातो. मास्तरने तीस वर्षं त्या झोपलेल्या धाग्याला उभा म्हटलेलं. त्याने ठोकळ्यावरची पाती पाहिली, त्याला दिसल्या पट्ट्या. उभ्या पट्ट्या म्हणजे ताण्याच्या दिशेच्या. लावल्या ताण्याच्या दिशेने. त्याच्या हिशेबात त्याहून उभं जगात काही नव्हतं.

एक वाक्य बोलायचं होतं. "मास्तर, जमिनीपासून आभाळाकडे उभी." झालं असतं. चोवीस ठोकळे फिरवायला एक दुपार.

मी म्हणालो, "छान बसलेत." आणि पंखे पोत्यात भरून निघालो. ते पोतं मी भंगारवाल्याकडे नेलं नाही. घरी नेऊन पुसून ठेवलं, लागेल म्हणून.

चार दिवस हवा बरी होती. मी रोज सकाळी उठून आभाळाकडे बघायचो. खान्देशातला शेतकरी पावसासाठी बघत नसेल इतक्या आशेने मी उन्हासाठी बघत होतो. पाचव्या दिवशी सुरत तापली. अशी तापली की उधन्याच्या पुलावर कावळे रिक्षाला हात करत होते. दुपारी अडीचला शेठचा फोन. "दाक्तर, जल्दी आवो!" मी पोहोचलो तेव्हा साडू आधीच आलेला होता, आणि मास्तर ओरडत होता. तिथून मी सुरुवात केली होती.

"बघा," साडू म्हणत होता, "ही अशी, जमिनीला समांतर. याला आडवं म्हणतात."

"ताणा कव्हय आडवा ऱ्हास का? सांग ना भो! ताणा उभा ऱ्हास का आडवा?"

"ताण्याचं काय मधेच?"

"देखा, याले ताणा मालूम नही आणि माले शिकाडी ऱ्हायना!"

कारीगर जमले. निम्मे म्हणाले उभी, निम्मे म्हणाले आडवी. ओडिशाच्या एका कारीगराला दोन्ही शब्द माहीत नव्हते, तो सगळ्यात जोरात ओरडत होता. साडूने देवाच्या फोटोपुढची उदबत्ती आणून धूर दाखवला. मास्तर म्हणाला, देवाच्या उदबत्तीने मशीन चालत असती तर आम्ही कशाला होतो? शेवटी शेठचा बांध फुटला.

"बंद करो बधा! बधुं काढो. दाक्तरना पंखा पाछा लगाडो. ने मास्तर, तारो हिसाब काले करी नाखीए."

माझे पंखे परत लावा. याचसाठी पाच दिवस मी आभाळाकडे पाहिलं होतं. शनिवार परत आला, चहा परत आला, तूप परत आलंच समजा. हिसाब करणं म्हणजे उरलेला पगार हातात ठेवून घरी पाठवणं, त्यामुळे मास्तरचा चेहरा मात्र पांढरा पडला. साडू हातातल्या कागदाकडे बघत होता, बेरीज पहिल्यापासून तपासत असावा.

तेव्हा मी बोललो. सासरी मी सांगितलं की मास्तरची दया आली. खोटं आहे. दया होतीच थोडी, ठेचा खाल्लाय मी त्याचा. पण खरं कारण वेगळं. त्या शेडमध्ये चाळीस माणसं गोंधळलेली, आणि उत्तर फक्त मला माहीत, आणि मी गप्प! अहो, मला शिंक दाबता येते, हे दाबता येईना.

ग्लास ठेवला. मधे जाऊन उभा राहिलो. "दोघंही खरं बोलताहेत," मी म्हणालो. मग मास्तरचा हात धरून त्याला लूमपाशी नेलं. झोपलेल्या ताण्यावर त्याचा हात ठेवला. "हा उभा. तुमचा." मग त्याला पॅनलपाशी आणलं, छताकडे बोट केलं. "आणि हा उभा याचा."

मास्तर ताण्याकडे बघत राहिला. मग पॅनलकडे. मग छताकडे. "हा मायला," तो हळूच म्हणाला. त्याचं हळूच शेडभर ऐकू गेलं.

ठोकळे काढून, फिरवून, परत लावायला संध्याकाळ झाली. मी स्वतः अकरा फिरवले, मोजून. आठ नंबरवर साडूने तार चिकटवली, डबीतले आकडे खाली खाली यायला लागले. सगळे त्या डबीभोवती मॅच बघावी तसे जमले. मी बोट ठेवलं. वीसपर्यंत मोजून झालं तरी ते तिथेच होतं, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

शेठने साडूच्या खांद्यावर हात टाकला. मास्तरचा हिसाब व्हायचा राहिला. माझे पंखे घरीच राहिले.

बाहेर गेटपाशी, गाडी काढताना, साडू माझ्याजवळ आला. "दादा, तुम्ही नसता तर आज मी संपलो होतो. ताण्याचं मला आयुष्यात सुचलं नसतं. रविवारी सगळ्यांना सांगतो मी."

त्याच्या डोळ्यांत खरीखुरी कृतज्ञता होती. तूप परवडलं असतं मला, शनिवार गेलेला परवडला असता. हे परवडेना. चांगला वागण्यातही हा माणूस माझ्या पुढे. निदान एकदा तरी त्याने चिडावं, शिवी द्यावी, मला नालायक म्हणावं, म्हणजे आम्ही बरोबरीत येऊ.

"मी शनिवारीच पाहिलं होतं," मी म्हणालो. "आडवी आहेत ते. तेव्हाच कळलं होतं मला सगळं. बोललो नाही. मुद्दाम."

त्याने हेल्मेट डोक्यात घातलं, परत काढलं. 

"ठोकळा बसवायची चारी भोकं सारख्या अंतरावर काढली होती मी," तो म्हणाला. "दोन जवळ आणि दोन लांब काढली असती, तर आडवा बसलाच नसता."